पद्माक्काचा ऊन पाण्याचा हौद

माझा बाप मारका हुता, हितनंच सुरुवात करतो, कारण गाव कुठलं, घर कसलं असं कुणी इचारलं की मला पयलं त्येच आठवतंय. आमचं घर जांबोटीच्या पलीकडं रानात, चार घरांची वाडी, पावसाळ्यात अंगावरची कापडं वाळायची न्हाईत असली जागा, भाताची दोन खाचरं आणि तीन म्हशी. बाप दारू पीत नव्हता बरं का. लोक म्हणत्यात दारू माणसाला मारायला लावती, आमचा बाप शुद्धीत मारायचा, कासऱ्यानं मारायचा, लाकडानं मारायचा, म्हस आटली तरी आईला, भात करपला तरी आईला, काय सांगू तुम्हाला, एकदा मुसळानं आईचं मनगट मोडलं, आणि दुसऱ्या दिवशी आई पाणवठ्यावर बायकास्नी सांगती शेवाळावरनं पाय घसरला गं, आणि मी बाजूला घागर धरून उभा, तेरा वर्षांचा, मीबी मान हलवली, व्हय, घसरला.

सोळाव्या वर्षी मी त्येचा हात धरला. एकदाच धरला, आणि त्येनं मला कोयत्याच्या मुठीनं असं हाणलं की हितं भुवईवर अजून खूण हाय बघा. त्याच दिवशी निघालो, जांबोटीपतोर चालत, तितं गाडी न्हाय, मग फुडं चालत, मग एका लाकडाच्या ट्रकात बसून बेळगावात. आई दोन वर्षांनी गेली, तापानं गेली म्हणाले. मी इचारलं न्हाय, कसला ताप म्हणून.

बेळगावात इसूबभाई मिस्त्रीच्या हाताखाली नळाचं काम शिकलो. पाईपला आटं पाडायचं, सांधं बसवायचं, गळती हुडकायची. लई चांगला माणूस, शिवी दिली न्हाय कधी. फुडं घराघरावर सोलर बसाय लागलं, आंघोळीच्या पाण्याचं, तेबी शिकलो, आणि मग स्वताचं काम धरून येळ्ळूरात खोली केली, बेळगुंदीची शांता केली. शांता म्हंजे माझी बायको, मघाशी चा देऊन गेली न्हवं, तीच.

आता हे सांगाय नगं वाटतंय पर तुमी सगळं लिवणार म्हणालाय म्हणून सांगतो. लग्नाला दोन वर्षं झालती. एक दिवस माझा पाना सापडंना, मोठा पाना, त्याबिगर काम न्हाय, गिऱ्हाईक बोलवतंय, आणि शांतानं तो मोरीत टेकू म्हणून लावलेला. मी तो उचलला आणि फेकला. तिच्याकडं फेकला. कान फाटला तिचा, रगात गळ्यावरनं चोळीत गेलं, आणि ती वरडली न्हाय, नुसती माझ्याकडं बघत ऱ्हायली, आणि मला आईचं मनगट दिसलं. ती बेळगुंदीला गेली. दोन म्हयनं मी रोज सांच्याला सायकल घेऊन तिच्या दारात जायचो, तिचा भाऊ मला दारातनंच हाकलायचा, एकदा त्येनं मला धरून रस्त्यावर तुडवलं, मी तुडवून घेतलं. शेवटी तीच आली, आपणहून, आणि म्हणाली मी येतीया, पर परत हात उठला तर मी माहेराला जाणार न्हाय, मीबी पाना उचलणार. म्हटलं उचल. त्याला आता वीस वर्षं झाली. हात उठला न्हाय. पर उठाय बघतो कधीकधी, खोटं कशाला बोलू.

तर ते हौदाचं. निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी, जैन घर, म्हातारे, सगळी त्येंना आप्पाच म्हणायची, त्येंनी बेळगुंदीच्या रस्त्याला बंगला बांधलेला. बंगला कशापायी तर त्येंच्या लेकीपायी. लेक पद्मा, आमी पद्माक्का म्हणतो. चिकोडीकडं दिलेली. नवरा भरतेश, मोठं घर, ऊस, ट्रॅक्टर, सगळं. त्येनं तिला माडीच्या जिन्यावरनं लाथ घालून खाली पाडलं. कमरेचा मणका मोडला. दोन ऑपरेशनं झाली, पाय हुते पर नसल्यागत. डॉक्टर म्हणाले पाण्यात उभी करा, पाण्यात वजन लागत न्हाय, पर पाणी ऊन पायजे, गार पाण्यात सगळ्या शिरा आखडत्यात. म्हणून आप्पांनी अंगणात स्विमिंग पूल बांधला. मी शांताला सांगितलं आप्पांच्या पुलाचं काम मिळालंय, तर ती म्हणती अंगणात कसली नदी हाय पूल बांधायला. तवापासनं आमी हौदच म्हणतो.

पयलं त्येंनी करंटवर पाणी तापवून बघितलं. एवढा हौद, तापतोय कुटला, वायरी जळाल्या, गल्लीचा ट्रान्सफॉर्मर उडाला. मग मला बोलावलं. मी घराचं सोलर केलेलं, हौदाचं न्हाय. पर म्हटलं बघू. हौदाच्या काठाला मोटारीची खोली, ठेंगणी, तिच्या पत्र्यावर न्हाय, स्लॅबवर मी तावदानं बसवली, म्हंजे वर काच, खाली काळा पत्रा, पत्र्याला तांब्याच्या नळ्या. मोटार हौदातलं पाणी उचलणार, नळ्यांतनं फिरवणार, तापून परत हौदात. दिसायला सोपं हाय. पयल्या थंडीत पाणी नुसतं कोमट. दिवसभर तापवायचं आणि सकाळी बघावं तर परत गार. मला कळंना. मग एक दिवस सांच्याला हौदाच्या काठावर बसलो तर पाण्यावरनं वाफ निघालेली, आणि वारा ती वाफ घेऊन शेतात चाललाय. तवा डोक्यात उजेड पडला, दिवसभर कमावलेलं ऊन वारा खातोय. मग फुग्याफुग्याचं पलास्टिक मागवलं, हौदाएवढं, रोज दिवस मावळायच्या आत अंथरायचं, सकाळी गुंडाळायचं. आठ दिवसांत पाणी असं झालं, बाळाला आंघोळ घालावी तसं.

पद्माक्काला पाण्यात धरायला बाई पायजे हुती. दवाखान्यातनं येणारी बाई आठवड्यातनं दोनदा, बाकी दिवस कोण? शांता म्हणाली मी उतरते. पोहायला येत न्हाय, नऊवारीचा काष्टा घातला आणि उतरली छातीएवढ्या पाण्यात. पयल्या दिवशी पद्माक्का हौदात आडव्या बांधलेल्या दोरीला धरून उभी ऱ्हायली, पाय थरथराय लागलं, आणि एकदम तिनं पाण्यावर बुक्क्या माराय सुरवात केली. काय सांगू तुम्हाला. दोन्ही मुठींनी, भरतेश, भरतेश म्हणत, नावाला एक बुक्की, पाणी उडतंय, ती वरडतीया, आप्पा खुर्चीत बसून तोंडाला उपरणं लावून रडतायत. शांतानं तिला पोटाला धरलं आणि म्हणाली मार आक्का, अजून मार, पाण्याला लागत न्हाय.

असं रोज चालायचं. दोघी बोलायच्या पाण्यात. आणि एक दिवस मी नळीचा वाल बघाय गेलो तर पद्माक्का माझ्याकडं बघून म्हणाली, परशराम, तू हिला पान्यानं मारलंस? म्हटलं व्हय आक्का. ती म्हणाली मग पाणी तापवतोस ते कुणासाठी, माझ्यासाठी का स्वतासाठी? मी वाल आवळत ऱ्हायलो. त्या दिवसापासनं मात्र ती माझ्याशी बोलाय लागली, आधी आप्पा सोडून कुठल्या बाप्याशी बोलत नव्हती. दोन वर्षांत ती पाण्यात दोरी सोडून चालाय लागली. बाहेर न्हाय, बाहेर अजून खुर्ची, पर पाण्यात चालायची, ह्या काठापासनं त्या काठाला.

भरतेशची माणसं अधनंमधनं निरोप आणायची, बाईला पाठवा, झालं गेलं विसरा. आप्पा म्हणायचे बेड री, बेड, नको म्हंजे नको. मग कोर्टात सोडचिठ्ठीचा अर्ज केला. त्येचा कागद भरतेशला गेला, आणि तिसऱ्या दिवशी तो आला.

मंगळवार हुता. मंगळवारी आमच्याकडं लाईनीचं काम असतंय, सकाळी धाला लाईट जाती ती दोनाला येती. लाईट गेली की मोटार बंद, आणि मोटार बंद झाली की नळ्यांतलं पाणी थांबतंय. हे नीट ऐका, कारण फुडं सगळं ह्याच्यावर हाय. पाणी फिरतंय तवर ऊन असतंय, थांबलं की उकळतंय. काचंच्या आत, भर उन्हात, वाफ कोंडती, आणि सेफ्टी वाल फुसफुसाय लागतो, फणा काढलेल्या नागागत. म्हणून लाईट गेली की मी तावदानावर ताडपत्री टाकायचो. शांतालाबी सांगून ठेवलेलं, तो आवाज आला की स्लॅबकडं जायाचं न्हाय.

त्या दिवशी मला शहरात एक काम निघालं, यायला उशीर झाला, बारा वाजून गेले. फाटकातनं आत आलो, ताडपत्री खांद्यावर घेतली, आणि मागनं जीप आली. भरतेश आणि दोघंजण. राखणदार पळाला. आप्पा दारात आडवे उभे ऱ्हायले, सत्तर वर्षांचा माणूस, भरतेशनं त्येंना छातीवर ढकललं, त्येंचं डोकं पायरीवर आपटलं, आवाज आला नारळ फुटल्यागत. पद्माक्का आणि शांता पाण्यात. त्येनं काठावर वाकून पद्माक्काचे केस धरले आणि तिला केसांनी बाहेर वढलं, मासा वढावा तसं, फरशीवर, पाठ खरचटतीया, मणक्यात लोखंड घातलेली बाई. शांता मागनं वर आली आणि त्येच्या हाताला चावली, दात रुतले, आणि त्येनं तिच्या पोटात लाथ घातली. ती वाकली आणि तितंच बसली.

मी पळत गेलो. मला वाटलं मी त्याला मारतो. मारलंबी असतं, माझ्या अंगात बाप आलता त्या घडीला. पर त्येच्या माणसाकडं लोखंडी नळी हुती, त्येनं माझ्या ह्या हातावर घातली, कोपराच्या खाली, हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं मग दुखलं. मग पाठीवर, मग गुडघ्यावर. मी हौदाच्या काठाला पडलो. आप्पा रगातानं भरलेल्या तोंडानं म्हणतायत बेड री, बेड, बेड.

पद्माक्का फरशीवर पडलेली, ती म्हणाली मी येत न्हाय. मारून टाक, येत न्हाय. आणि भरतेश इकडं तिकडं बघाय लागला. त्येला कळंना ही बाई आता भीत का न्हाय. आणि त्येला ती तावदानं दिसली. म्हणाला ह्या ऊन पाण्यानं माज चढलाय हिला, थांब, तुझं औषधच फोडतो. त्येनं त्या माणसाच्या हातनं नळी घेतली आणि मोटारीच्या खोलीचा लोखंडी जिना चढला. पाच पायऱ्या. माझ्यापासनं हितनं त्या दारापतोर असंल.

पयलं तावदान फोडलं. काचा हौदात पडल्या. दुसरं फोडलं. आणि मला त्यो आवाज येतोय, वाल फुसफुसतोय, कोंडलेली वाफ आत हुंदडतीया, दोन तासाचं उकळलेलं पाणी, आणि तो आता तांब्याच्या मोठ्या नळीसमोर उभा, सगळ्या नळ्या जिथं मिळत्यात ती नळी, वाकून, तोंड जवळ. मला ठावं हुतं. माझ्या जिभेवर शब्द आला. अण्णा तितं मारू नगा, आत उकळतंय. एवढंच म्हणायचं हुतं. माझा हात मोडलावता, तोंड न्हाय. मी शांताकडं बघितलं, ती पोट धरून बसलेली, तिचं तोंड माझ्याकडं. आणि मी वरडलो न्हाय.

त्येनं हाणलं.

काय झालं ते मी सांगू शकत न्हाय, नुसता पांढरा ढग झाला आणि त्या ढगातनं असला आवाज आला की आमच्या रानात रेडा कापतानाबी मी ऐकला नव्हता. तोंड, मान, उजवा हात. तो मागं सरला, पाय चुकला आणि थेट हौदात पडला. दोघं साथीदार जीप घेऊन पळाले, त्येचीच जीप. तो पाण्यात खाली जातोय, वर येतोय, पोहायला येत नव्हतं त्येला, कातडी सोललेली, आणि ऊन पाणी त्यावर. मी बघतोय. शांता बघतीया. आप्पा बेशुद्ध.

पद्माक्का सरपटत काठाला गेली. मला वाटलं बघाय चालली, मरतोय का ते. ती पाण्यात उतरली. बाहेर तिला उभं ऱ्हाता येत नव्हतं, पाण्यात येत हुतं. चालत गेली, रोज चालती तशी, त्येच्या सदऱ्याला मागनं धरलं, तोंड वर केलं आणि पायऱ्यांपतोर वढत आणलं. तितं टाकून दिलं. आणि शांताला म्हणाली गाडी बोलव.

मी तिला फुडं इचारलं, आक्का, का काढलंस त्येला? ती म्हणाली, माझ्या पाण्यात मराय नगं हुता तो. बास. एवढंच.

आप्पांना चौदा टाके पडले. माझ्या हातात लोखंडाची पट्टी बसवली, अजून हाय, थंडीत ठणकती. शांताच्या पोटात रगात साकळलं, म्हयनाभर आडवी. भरतेशचा एक डोळा गेला, उजव्या हाताची बोटं आत वळली. पोलीस माझ्या खाटेजवळ आले, कन्नडात इचारलं, तू त्येला सांगितलंस का आत उकळतंय म्हणून? मी म्हटलं सांगितलं साहेब, दोनदा वरडलो. शांताला इचारलं, ती म्हणाली व्हय, वरडले. लिहून घेतलं. सोडचिठ्ठी झाली, त्येला शिक्षा झाली, भोगून सुटला. मी तावदानं परत बसवली, ह्याबारीला लाईट गेली की पाणी आपोआप खाली उतरंल असं केलं. पद्माक्का आता काठी धरून बाहेरबी चालती.

माझं मात्र एक बसून ऱ्हायलं हितं छातीत. बायकोला मारणाऱ्याचा डोळा गेला तर जग म्हणतंय बरं झालं, मीबी म्हणायचो, पर पद्माक्काला तो हुता तसा काठाला आणता आला, आणि मला चार शब्द आलं न्हाईत. आणि मीबी बायकोला मारणाराच न्हवं का.

गेल्या वर्षी निपाणीला काम हुतं, स्टँडच्या बाहेर चा प्यायला बसलो तर शेजारी एक माणूस येऊन बसला, तोंडावर गमछा. गमछा काढला तवा वळखला. मला वाटलं आता मारतोय. त्येनं चा मागवला, कप फुड्यात आला तवा म्हणाला, तुला ठावं हुतं न्हवं, आत काय हाय ते? मी कप खाली ठेवला. म्हटलं व्हय. तो म्हणाला, वरडला असतास तर मी थांबलो असतो काय? म्हटलं न्हाय थांबला नसता. तरीबी वरडाय पायजे हुतं. त्येनं डाव्या हातानं कप उचलला, प्याला, आणि उठून गेला. माफ केलं म्हणाला न्हाय, शिवी दिली न्हाय.

घरी येऊन शांताला सगळं सांगितलं. म्हटलं मी वरडलोच नव्हतो, पोलिसाला खोटं सांगितलं, तू माझ्यासाठी खोटं बोललीस. ती भाकरी थापत हुती, थांबली. म्हणाली, वाल फुसफुसताना मलाबी ऐकू येत हुतं. तुमी तोंड उघडताय का बघत हुते मी. उघडलं असतं तर मी येऊन त्यावर हात ठेवला असता. आणि परत भाकरी थापाय लागली.

मी तव्यावरची उलथली.

आता आप्पा न्हाईत. पद्माक्काकडं दुसऱ्या बायका येत्यात, कुणाचा गुडघा, कुणाची पाठ, कुणी पडलेली, कुणी पाडलेली, ती इचारत न्हाय कोण कशी. शांता अजून काष्टा घालून उतरती. तुमी लिवा सगळं, माझं नाव बदलायची गरज न्हाय. फक्त एवढं लिवा, की आज सकाळी तिघी नवीन आल्यात, एकीच्या मनगटाला पलास्तर हाय आणि ती म्हणती मोरीत घसरले. शांता तिला घेऊन बसलीया काठावर, पाय पाण्यात सोडून. पाणी चांगलं ऊन हाय आज. बसू दे तिला, हवं तेवढा येळ.